चाकणमधलं माहेर

बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा मांडीवर सांबारवडीचा डबा होता आणि मनात एक शंका. माझी शाळेतली मैत्रीण मीनल गेली दोन वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये राहून नेमकं करते तरी काय? ती मानवशास्त्राची अभ्यासक, कॉलेजात शिकवतेही. माझ्या समजुतीप्रमाणे या शास्त्राची माणसं मेळघाटासारख्या डोंगरात जातात, तिथल्या रीती, गाणी, नाती समजून घेतात. कारखान्यांच्या गावात समजून घेण्यासारखं काय असणार? माणसं सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी थकून परत येतात.

"ये आणि बघ," ती फोनवर म्हणाली होती. "चाकणला एक डोहाळजेवण आहे. तुलाही बोलावलंय."

पुण्याला उतरून लोकलने पिंपरी गाठलं. मीनल स्टेशनबाहेर उभी होती. पायात धुळीने भरलेल्या चपला, खांद्याला पिशवी. घरी न नेता तिने मला समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. रात्रपाळी संपवून आलेले तीन कामगार बाकावर डबे उघडून बसले होते. "नुसतं बघ," ती हळूच म्हणाली. मी बघत राहिले. एकाने दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी न विचारता उचलली, त्यानेही मान वर केली नाही. तिसऱ्याच्या डब्यातली भाजी घेताना मात्र त्याच माणसाने विचारलं, "घेऊ का, भाऊ?"

"तो तिसरा नवा असणार," मीनल म्हणाली. "अजून पाहुणा आहे. ज्या दिवशी त्याला न विचारता घेतील, त्या दिवशी तो यांचा झाला."

मी शंका काढली तेव्हा तिने सरळ त्यांनाच विचारलं. तिसरा हसला. "व्हय की, ताई. परवाच आलोय लायनीवर. तुम्हाला कसं कळलं?"

जन्मभर मी माणसांना जेवताना पाहिलंय. इतकं कधी दिसलं नव्हतं.

तिथून आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो. दुकानांच्या रांगा, दारात टांगलेले कपडे, मधून वाट काढणारी स्कूटर. मीनलने एक हिरवी साडी घेतली, पण घेताना तिचा चेहरा उतरलेला होता. "सुषमासाठी आहे," ती म्हणाली, "पण ती नेसेल असं वाटत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. सुषमा जालन्याकडची, मराठा घरातली. चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत काम करताना परभणीच्या राहुलशी ओळख झाली, दोघांनी लग्न केलं. राहुल बौद्ध कुटुंबातला. तेव्हापासून सुषमाच्या माहेरचा फोन बंद. आता तिला सातवा महिना. शेजारणींनी डोहाळजेवण ठरवलं, पण आईकडून भरायची ओटी कोण भरणार, यावरून सगळं अडलं होतं. आणि त्याहून मोठी काळजी पुढची होती. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हिने जायचं कुठे? खोली तिसऱ्या मजल्यावर, राहुलच्या पाळ्या आठवड्याला बदलणाऱ्या. सासू परभणीजवळच्या गावात अंगणवाडीत मदतनीस, तिला चार दिवसांहून जास्त सुट्टी मिळत नव्हती.

हे सांगता सांगता आम्ही बसमध्ये चढलो. शेजारी बसलेल्या बाईंनी हे ऐकून स्वतःच्या भाचीची गोष्ट सुरू केली आणि मीनल त्यात अशी गुंगली की बस चाकणची नसून तळवड्याची आहे, हे आम्हाला शेवटच्या थांब्यावरच कळलं. समोर काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं-मुली आणि त्यांच्या मागेच पत्र्याच्या शेडमधून येणारा लेथ मशीनचा आवाज. "दोन वर्षं झाली इथे येऊन!" मी म्हटलं. मीनल हसत सुटली. "पण भाचीची गोष्ट ऐकलीस ना? त्यापुढे पाटी कोण वाचतं?"

शेवटी एका रिक्षात दाटीवाटीने बसून निघालो. इंद्रायणी ओलांडली. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, रस्त्यावर नव्याकोऱ्या गाड्या वाहून नेणारे अवाढव्य ट्रेलर आणि मध्येच एखाद्या वावरात कोथिंबिरीचे हिरवेगार वाफे. रिक्षावाले भाऊ बीडचे निघाले. आम्ही डोहाळजेवणाला निघालोय म्हटल्यावर त्यांनी दोन ट्रकांच्या मधून अशी काही रिक्षा काढली की मी डबा छातीशी धरून डोळे मिटून घेतले.

सुषमा राहते ती इमारत चाकणच्या कडेला आहे. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या, प्रत्येक दारात वेगळ्या जिल्ह्याची चप्पल. तळमजल्यावर घरमालकीण राहतात. त्यांना सगळे मालकीणकाकू म्हणतात. इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. "काकू कधी जिना चढत नाहीत," मीनलने मला आधीच बजावलं होतं, "आणि भाडेकरूंच्या घरचं काही खात नाहीत. वाईट नाहीत, पण रेष आखलेली आहे."

वर गेलो तर जेवणाची जय्यत तयारी. रत्नागिरीच्या शेजारणीची कुळथाची पिठी, सुषमाच्या सासूबाईंनी, शांताबाईंनी केलेली येसर आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ लावलेली, मराठवाड्याकडची झणझणीत आमटी), पुरणपोळ्यांची चवड. माझी सांबारवडी पाहून सगळ्या इडलीबरोबरचं सांबार शोधू लागल्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सांगितल्यावर खोलीभर हसू पसरलं.

सुषमा तेवढी हसली नाही. घरातल्या साध्या गाऊनवर कोपऱ्यात बसली होती. मीनलने साडी पुढे केली तशी म्हणाली, "ताई, राहू द्या. जेवण करू, एवढं पुरे. हिरवी साडी नेसून सगळ्यांसमोर रडायचं नाही मला."

शांताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "आमच्यात ओटीचं तसं काही नसतंय," त्या आम्हाला म्हणाल्या. "आमी वंदना घेतो, गोडधोड खाऊ घालतो. पण लेकराच्या मनात हाय. मग भरायला पाहिजे की कुणीतरी."

"मॅडम, तुम्हीच सांगा," रत्नागिरीची शेजारीण मीनलकडे वळली. "तुम्ही गावोगावच्या रीती अभ्यासता. माहेर नसेल तर काय करतात?"

मला वाटलं, आता मीनल पुस्तकातलं काहीतरी सांगेल. पण ती म्हणाली, "मी सांगणारी कोण? मला फक्त विचारता येतं. तुमच्याकडे काय करतात?"

एकेक जण बोलू लागली. कुणाच्या गावात मानलेली बहीण भरते, कुणाकडे मामी. ऐकता ऐकता मीनल उठली. "ज्यांचं हे गाव आहे, त्यांना तर आपण विचारलंच नाही," ती म्हणाली आणि मला घेऊन खाली गेली.

मालकीणकाकू अंगणात लसूण निवडत होत्या. मीनल त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तिनेही एक गड्डी हातात घेतली. "काकू, तुमच्या माहेरच्या गावात एखाद्या लेकीचं माहेर बंद झालं, तर तिची ओटी कोण भरायचं?"

काकूंचे हात थांबले. "कुनाचं इचारतीस ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. त्यांनी सुपातली सालं फुंकली. मग म्हणाल्या, "आमच्या गावात एक व्हती. आईबाप गेले, भाऊ इचारंना. तवा माझ्या आईनं तिला दारात पाटावर बसवली. म्हनली, गावात ऱ्हाती ती गावची लेक."

"आणि इथे, काकू?"

"आता इथं कुठलं गाव ऱ्हायलंय?" काकूंनी सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या. मीनलचा चेहरा पडला. जिना चढताना ती म्हणाली, "दुखावलं मी त्यांना. विचारायला नको होतं."

पानं मांडायला घेतली होती, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, मध्ये थांबत. दारात मालकीणकाकू उभ्या. ठेवणीतलं लुगडं, हातात सूप; सुपात नारळ, गहू, खण, हळदी-कुंकू. मागे त्यांची सून, गोंधळलेली.

"अशी काय बसलीस?" काकू सुषमाला म्हणाल्या. "साडी नेस. तुझ्या आईच्या जागंवर मी आले, चालंल न्हवं?"

सुषमाने आधी सासूकडे पाहिलं. शांताबाईंनी मान हलवली. "ऊठ, लेकरा." शेजारणी तिला आत घेऊन गेल्या. हिरवी साडी नेसून ती पाटावर बसली, काकूंनी कुंकू लावलं, पदरात गहू-नारळ घातला, आणि ती रडलीच. पण कुणापासून तोंड लपवलं नाही. काकूही डोळे पुसत होत्या.

मग शांताबाईंनी पुरणपोळी वाढलेलं ताट काकूंसमोर धरलं. काकूंनी ताट घेतलं, मांडी घातली आणि घास मोडला. "तूप घाल की वाईच," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सोहळा झाला. पण काकूंचं जेवण झाल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "खालची कोपऱ्यातली खोली मोकळी कर."

"आई, तिथं सामान आहे सगळं."

"मग हलीव. वटी भरली ती काय गंमत म्हनून? पयलं बाळंतपन म्हायारीच व्हतं. ही तीन जिनं कशी चढंल-उतरंल?"

शांताबाईंनी काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

परतताना मीनल बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. "आम्ही वर्गात शिकवतो," ती म्हणाली, "की विधी म्हणजे दिखावा नसतो, तो माणसाला बांधून घेतो. शिकवते मी हे. पण असं डोळ्यांदेखत होताना आज पाहिलं." त्या दिवशी मला तिच्या शास्त्राचा हेवा वाटला. योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून लसूण निवडायचा. यात मोठं धाडस आहे.

मी अमरावतीला परतले. नेहमीची गल्ली, नेहमीचा भाजीवाला. पण आता शेजारची काकू वाटी परत देताना ती रिकामी देत नाही, तिच्यात साखर घालून देते, हे पाहून मी थांबते. का देत असेल? कालपर्यंत हा प्रश्नच नव्हता.

दोन-अडीच महिन्यांनी मीनलचा फोन आला. सुषमाला मुलगी झाली होती. बाळंतीण तळमजल्यावर, आणि काकू दारातून वारंही आत येऊ देत नव्हत्या. राहुलला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव ठेवायला मीनललाच आत्या केलं होतं.

"छान झालं की," मी म्हटलं. "मग आवाज असा का?"

"लिहायला बसलेय," ती म्हणाली, "आणि पहिल्या वाक्यालाच अडलेय. दोन वर्षं मी 'त्यांच्याकडे अशी पद्धत आहे' असं लिहीत आले. आज हात 'आमच्याकडे' असंच लिहितोय."


"मग तसंच राहू दे," मी म्हटलं.