तीस तारखेचं तिकीट

हिंदी आकड्यांनी मला आयुष्यात एकदाच फसवलं, पण चांगलंच फसवलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. ताईकडे जयपूरला चार दिवस राहून मी मिरजेला परतणार होतो. पोचलो त्याच दिवशी स्टेशनावर परतीचं तिकीट काढायला उभा राहिलो आणि एकोणतीस तारीख मागितली. खिडकीतला माणूस भरभर काहीतरी बोलला. त्यात दोन तीस होते, एक ‘उनतीस’ आणि एक नुसता. मागची माणसं कोपरांनी ढकलत होती. दोहोंपैकी एक आपला असणार असं धरून मी मान डोलावली, आणि तिकीट खिशात घातलं ते पुन्हा बाहेर काढून पाहिलं नाही. त्या काळात मी इतरांच्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्या आवडीने काढत असे, हेही सांगून टाकतो.

एकोणतीसला सकाळी डब्यावरच्या यादीत माझं नाव नव्हतं. तिकीट तपासनिसाने तिकीट उलटं केलं आणि मागे शाईने खरडलेली तारीख दाखवली.

“तीस का है, भाई साहब. आज उनतीस है.”

त्याला हसूही आलं नाही. माझ्यासारखे त्याला रोज भेटत असावेत. गाडी गेली आणि मी पिशवी घेऊन परत मुरलीपुऱ्याच्या वाटेला लागलो. ताईचं घर तिकडे होतं.

मला त्या दिवसाचा राग आला होता, कारण माझ्या लेखी जयपूरचं काम संपलं होतं आणि ते झालं नव्हतं. नागपूरला एका ग्रंथालयात मला नोकरी मिळाली होती. महिन्याभरात रुजू व्हायचं होतं. वडील गेल्यापासून आई आणि मी दोघंच मिरजेत होतो. आई मिरज सोडणार नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. तिचे डॉक्टर तिथे, तिच्या शेजारणी तिथे, दत्ताच्या देवळात खांबाजवळची तिची जागा तिथे. तेव्हा ताईच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, सांगलीला बदली व्हावी, ताईने आईकडे बघावं आणि मी सुटावं, असा माझा सरळ हिशेब होता. दाजी विमा कंपनीत होते. बदलीचं काय झालं, हे मी चार दिवस तऱ्हेतऱ्हेने विचारलं. दाजी पेपर वाचत राहिले आणि ताई “बघायचं” म्हणत राहिली. रोज गोडधोड, घरात शुद्ध मराठी. भाचीच्या तोंडून एकदा ‘मतलब’ निघालं तर ताईने डोळे वटारले. पाहुणा म्हणून माझी बडदास्त उत्तम ठेवली गेली, पण हाती काही लागलं नाही.

सीकर रोडवर उतरलो तर समोरच्या थांब्यावर ताई उभी. कॉटनची छापील साडी, पायांत बूट, काखेत कागदाची मोठी गुंडाळी. चौमूंकडून येणाऱ्या बसगाड्या टपावर माणसं घेऊन धूळ उडवत जात होत्या आणि ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मला पाहिल्यावर मात्र ती दचकली.

“येतो म्हणालास, पण इतक्यात?”

मी तिकीट दाखवलं. ती तारीख वाचून इतकी हसली, की शेजारच्या बाईने चौकशी केली. ताईने तिला सगळं सांगितलं, अशा हिंदीत, जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. घाईची, हातवारे करणारी. मग दोघीही माझ्याकडे बघून हसल्या.

“तू कुठं निघालीस?”

तिने क्षणभर विचार केला. घराची किल्ली देऊन मला वाटेला लावता आलं असतं.

“सांगानेरला. कामाला,” ती म्हणाली. “चल.”

दोन बसगाड्या बदलून आम्ही शहराच्या या टोकापासून त्या टोकाला गेलो. चांदपोलच्या वेशीशी एक उंटगाडी आडवी आली आणि दहा मिनिटं सगळं तुंबलं. परदेशी पाहुणे त्या उंटाचे फोटो काढत होते. त्यांच्याइतकाच मीही परका होतो, फक्त माझ्याकडे कॅमेरा नव्हता. ताई खिडकीशी बसून मला सांगत होती. ती दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस सांगानेरला जात होती, कापडावर छापायची नक्षी काढून द्यायला. शाळेत असताना तिने चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. मी येणार म्हणून तिने चार दिवस सुट्टी घेतली होती.

“आम्हाला का नाही कळवलंस?”

“आई म्हणाली असती, जावई कमावतोय ना? आणि तू माझ्या पत्रातल्या वेलांट्या तपासल्या असत्यास.”

हे खरं होतं.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. दोन्ही बाजूंना लांब टेबलं, त्यांवर ताणून बसवलेलं कापड. कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवत, कापडावर ठेवत आणि मुठीने वर ठोसा मारत. ठोसा, पाऊल, ठोसा, पाऊल. रंगाचा आंबूस वास नाकात बसला. ताई आत शिरताच म्हातारे मुख्य कारागीर, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, हातातलं काम टाकून आले. तिने गुंडाळी उलगडली. पानाच्या देठावरून दोघांचं चांगलंच वाजलं. त्यांच्या मते देठ फार बारीक होता, ठसा कोरताना मोडला असता. ताई म्हणाली, कोरणाऱ्याचा हात हलका हवा. शेवटी देठ गव्हाच्या दाण्याएवढा जाड झाला आणि दोघंही खूश झाले. माझी बहीण भांडते आणि जिंकते, हे मी प्रथमच पाहत होतो. आमच्या घरी ती भांडणं मिटवायची.

मग मास्टरजी माझ्याकडे वळले.

“आपकी बहन ने हम पर बड़ा अहसान किया. सांगली का हुकुम आ गया था, हमने तो समझा गईं. पर इन्होंने मना कर दिया.”

ताईने गुंडाळी बांधायला घेतली. ती तिला बराच वेळ बांधता येईना.

दुपारी आम्ही शेडच्या मागे डबा खायला बसलो. समोर दोरीवर धुतलेले कापडाचे तागे वाळत होते.

“हुकूम कधी आला?”

“दिवाळीच्या आधी.”

“दाजींनी नको म्हटलं?”

“मी म्हटलं. त्यांनी लिहून दिलं.”

“चार दिवस मी तेच विचारत होतो, ताई.”

“हो. आणि मी पुरण वाटत होते.”

माझं डोकं सणकलं. मी नागपूरचं पत्र पिशवीतून काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते वाचलं नाही.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी आले तर तू जाणार. नाही आले तर तू अडकणार. हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत असूनही मी नको म्हणाले.”

खोटं बोलली असती तर मला जास्त सोपं गेलं असतं. मी डब्याचं झाकण लावत बसलो. ते नीट बसत होतं, तरी.

“आईला इकडे पाठव,” ती मग म्हणाली. “आनंदाने सांभाळीन. पण मी तिकडे येणार नाही.”

“आई मिरज सोडायची नाही.”

“मग माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.”

तिने हात धुतले आणि ती आत गेली. संध्याकाळपर्यंत मी शेडच्या दारात एका उलट्या पिंपावर बसून राहिलो. त्या दुपारी मला तिचा मत्सर वाटला, एवढंच नक्की आठवतं. दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, यादीत माझं नाव होतं. स्टेशनावर पोचवायला ताई आली नाही. तिचा कामाचा दिवस होता.

वाटेत मी नागपूरला नकार कळवायचा मजकूर मनात तयार केला. भाषा चांगली जमली होती.

मिरजेत पोचलो तेव्हा आई मेथी निवडत होती. पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सांगानेर, नक्षी, आलेला हुकूम, दिलेला नकार. ताई तिला बोलावते आहे हेही सांगितलं, पण अगदी शेवटी आणि घाईत, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखं. आईच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी भिंतीकडे बघत होतो.

“कधी जायचं?” आईने विचारलं.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. म्हणून मी मोठ्याने म्हणालो, “अगं, जयपूरला. कायमचं.”

“कळलं की. बहिरी नाही मी.”

“पण तू तर मिरज सोडणार नव्हतीस.”

“असं मी कधी म्हटलं?” तिने जुडी खाली ठेवली. “तुम्ही दोघं एवढी वर्षं माझं ठरवताय. मला एकदा तरी विचारलंत का?”

मी आठवून पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, कारण नागपूर आता मोकळं होतं. पण आधी राग आला. आई इतक्या सहज उठून निघेल, हे मला लागलं. मग लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आई माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. ती उठून कपाटाशी गेली आणि तिने वरच्या फळीवरची शाल काढून झटकली.

“थंडी फार असते म्हणतात तिकडे,” ती म्हणाली. “ही पुरेल का रे?”