बोट लागू नये म्हणून

अनोळखी माणसाच्या हनुवटीला दोन बोटं लावून त्याचं तोंड खिडकीबाहेर वळवायचं, हे धाडस आमच्या तालुक्यात एकच माणूस करायचा. बायामाणसांना तो हात लावत नसे, तिकिटाचं मशीनच खिडकीच्या दिशेनं रोखायचा. वर एकच वाक्य ठरलेलं, "लांब बघा, लांब. जवळ बघितलं की घोटाळा."

तो आमच्या भोर-महाड गाडीचा कंडक्टर, आणि मी ड्रायव्हर. अकरा वर्षं आम्ही वरंध घाट मिळून चढलो आणि उतरलो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून पहिले सहा महिने मी अहो-जाहो केलं. पण दोघांनी मिळून दोन-चार वेळा गाडी धुतल्यावर माणूस आपोआप अरे-तुरेवर येतो. गाडी कशामुळं धुवावी लागायची ते सांगत नाही, कुणी जेवत वाचत असेल.

ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको. एक वळण संपतं न संपतं तोवर दुसरं. हिर्डोशी गाव मागं पडलं की बडबडी माणसं गप्प व्हायला लागतात, आणि माणूस उगाच गप्प झाला की आमचा कंडक्टर जागेवरून उठायचा. भोरच्या स्टँडवर माणूस पायरीवर पाय ठेवतोय तोच हा विचारणार, "काय खाल्लंत?" कुठं जायचंय ते नंतर. मिसळ खाल्लेला असला की त्याला डाव्या खिडकीशी बसवायचा. उपाशी असला तर पुढं. मागच्या चाकावरची सीट तो फक्त धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्यांना द्यायचा, त्यांना काही होत नाही म्हणून. खांद्याच्या पिशवीत मीठ लावलेलं आलं, सुकवलेला आवळा, लिंबं आणि जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्र बुडाखाली घेऊन बसलं की मळमळत नाही, असं त्याचं ठाम मत. एका गुरुजींनी ते बसायच्या आधी वाचायला घेतलं, तर यानं हातातून काढून घेतलं. वाचणं म्हणजे जवळ बघणं.

चेहरा बघून तो वळण सांगायचा. हळूच माझ्या मागं येऊन म्हणायचा, "निळा शर्ट, वाघजाईच्या अलीकडं." आणि निळा शर्ट खरोखर घाटातल्या वाघजाईच्या देवळाअलीकडं ओकायचा. मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. कारण कुणी ओकलं की तो गाडीकडं नाही, माझ्याकडं बघायचा. आता मी काही बैलगाडी हाकत नव्हतो, घाट आहे, वळण घ्यावंच लागतं. एकदा एका आजीबाईनं उतरताना त्याच्या गालावरून हात फिरवला, कंडक्टर लेकरू लई गुणाचं म्हणाली, आणि माझ्याकडं बघून पुढं, डायवर मेला वाईट. हा हसला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तर असा हा पोटांचा राखणदार. आणि दिव्याखाली अंधार कसा असतो बघा. त्याच्या स्वतःच्या बायकोला गाडी लागायची. लागायची म्हणजे अशी, की तीस वर्षांच्या संसारात ती माउली त्याच्या गाडीत एकदाही बसली नाही. माहेर गुंजवण्याकडं, तिथंही दोन वर्षांतून एकदा, हा सोडायला, ती तोंडाला पदर लावून. याची साप्ताहिक सुट्टी घरी, देव घरी, फिरणं म्हणजे भोरच्या बाजारापर्यंत. दोघं मिळून कुठं फिरायला गेलेत असं कधी झालंच नाही.

एका सकाळी कँटीनमध्ये तो चहा न पिता नुसता कप धरून बसला होता. मला वाटलं बदली झाली. तर म्हणाला, मुंबईच्या लेकीनं आणि जावयानं बोटीची तिकिटं काढलीत. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून तीन दिवस समुद्रात राहायचं. मी म्हटलं, अरे मग चांगलंय की. तर वहिनींनी साफ नाही म्हणून सांगितलेलं. जावयाच्या पुढ्यात ओकू व्हय मी, असा त्यांचा सवाल.

"रिटायर व्हायला चार महिने राहिलेत," तो म्हणाला. "अख्खा तालुका न्हेला-आणला मी. हिला एकदा तरी कुठंतरी न्यायची हाय रे, डायवर."

मी म्हटलं, सांग, मी काय करू? हे विचारलं तीच माझी चूक.

त्याच्या घराच्या परड्यात मोठा फणस आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या फणसाला चार दोरांनी बाज टांगली. ही बोट. बाजेवर वहिनी. आणि बाज हलवायला मी, कारण माझ्या हाताला म्हणे वळणाची सवय आहे. ड्युटी करून आलेला माणूस, पायात अजून बूट, आणि मी मागं उभा राहून मित्राच्या बायकोची बाज झुलवतोय. शेजारपाजारच्या बाया कुडावरून बघतायत. त्या हसायला लागल्यावर याला लाज वाटली आणि हा फणसाच्या बुंध्यामागं जाऊन लपला. मी आपला उघड्यावर.

बुंध्याआडून तो हुकूम सोडायचा. आता लाट आली, आता तिरकी लाट, आता वादळ. बोटीला भोंगा असतो म्हणून देवळातला शंख मागून आणलेला, तो मधूनच फुंकायचा. शंख वाजला की शेजाऱ्यांची म्हैस दावं ओढायची. तिसऱ्या दिवशी त्यानं बादलीत मीठ कालवलं आणि आडूनच हात काढून वहिनींवर तांब्याभर पाणी उडवलं, समुद्राची सवय व्हावी म्हणून. वहिनींनी तांब्या हिसकून घेतला आणि बुंध्यामागं फेकला. पुढं दोन दिवस तो टोपी घालून ड्युटीवर आला.

पण खरं सांगतो, वहिनींना काही म्हणता काही झालं नाही. बाजेवर बसून त्यांनी वाल सोलले, तांदूळ निवडले, एकदा तर पिठलं-भाकरी खाल्ली, आणि वादळ चालू असताना मला म्हणाल्या, भावजी, जरा जोरात. मी घामाघूम. महिनाभरात वहिनी पक्क्या खलाशी झाल्या आणि बोटीवर यायला तयारही झाल्या. त्यानं मला स्टँडवर सगळ्यांसमोर मिठी मारली. समुद्र जिंकला म्हणाला.

निघायच्या दिवशी पहाटे माझ्या भाच्याची जीप घेऊन मी दारात गेलो. मीच मुंबईला सोडायचं ठरलेलं. चाळीस लिंबं, बरणीभर आलं, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सगळं चढलं. वहिनी नव्या लुगड्यात. जीप सुरू केली, भोर मागं पडलं, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आम्ही महिनाभर समुद्राची तयारी केली होती. समुद्र मुंबईला होता. आणि मुंबईपर्यंत रस्ता होता.

कापूरहोळ यायच्या आत वहिनींचा चेहरा पालटला. हा मागं त्यांच्या शेजारी बसलेला. आलं दिलं, लिंबू दिलं, वर्तमानपत्र घातलं, दर दोन मिनिटांनी वाकून विचारायचा, व्हतंय का? काय व्हतंय का? नसरापूर फाट्यापर्यंत पिशवी लागली. वरव्याच्या अलीकडं दुसरी. तिथं वहिनींनी दार वाजवलं आणि मी जीप बाजूला घेतली. त्या उतरल्या, कडुलिंबाच्या झाडाखाली जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुमी जावा, म्या हितनं माघारी जाते.

बोट दुपारी सुटणार होती. लेक, जावई, नातवंडं बंदरावर वाट बघणार. हा रस्त्याच्या कडेला उभा, हातात लिंबू. आमच्या गाडीत शेकडो माणसं त्यानं सावरली, आणि आता त्याला काही म्हणता काही सुचत नव्हतं. पुन्हा वाकून बायकोच्या तोंडाकडं बघायला लागला.

तेव्हा वहिनी बोलल्या. मी तीन हातांवर होतो, पण त्यांनी माझी भीड धरली नाही.

"अवो, तुमी माज्या तोंडाकडं बघायचं बंद करा आदी. लगीन झाल्यावर माहेराहून निघाले, तवाबी आसंच. दर वळणाला व्हतंय का, व्हतंय का. तुमच्या बघण्यानंच मला व्हतंय. आत्याबाईंच्या शालूवर झालं तेबी त्यामुळंच."

त्यानं हातातलं लिंबू खिशात घातलं. मग हळूच म्हणाला, "मला काळजी वाटती म्हणून बघतो."

"ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्सं तेच ठाऊक हाय. म्हणून तर बोलले न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. बाजेवर त्यांना काही झालं नव्हतं, कारण हा बाबा फणसामागं लपला होता. घाटातल्या ओकाऱ्यांचा एवढा अभ्यास त्यानं कुणासाठी केला, हेही मला तिथं कळलं. नव्या नवरीचा पहिला प्रवास आपल्या हातून बिघडला, त्याचं तो रोज प्रायश्चित्त घेत होता, दुसऱ्यांच्या हनुवट्या वळवून.

मी त्याला पुढच्या सीटवर माझ्याजवळ बसवला आणि वहिनी मागं. करार असा झाला, की मागं बघायचं नाही, विचारायचं नाही. खेड शिवापूरपर्यंत त्याची मान आखडून गेली. कात्रजच्या पुढं मागून आवाज आला. मी ब्रेकवर पाय ठेवला. तर वहिनी विचारत होत्या, केवढी ही घरं, एवढ्यांना पाणी कुठनं पुरतं? आणि मग त्या मुंबईपर्यंत थांबल्याच नाहीत. बोगदा बघितला, बोगद्यात जीव घाबरला ते सांगितलं, उसाचा रस मागितला, प्यायला. हा समोर बघत नुसता मान डोलवत होता आणि डोळे पुसत होता. मी म्हटलं, लांब बघ. त्यानं मला एक शिवी दिली.

परत आल्यावर मी विचारलं, बोट लागली का कुणाला? तर चेहरा पाडून म्हणाला, कुणालाच न्हाई, ती बोट हलतच न्हाई रे. देवळाच्या ओट्यावर बसल्यागत. चाळीस लिंबं त्यानं बोटीच्या भटारखान्यात देऊन टाकली. पण हातांना स्वस्थ बसवेना. कठड्याशी एक माणूस फिकट तोंडानं उभा दिसला, यानं दोन बोटं लावून त्याची हनुवटी समुद्राकडं वळवली. तो बोटीवरचाच कुणी मोठा साहेब निघाला. जावयानं माफी मागितली.

करार मात्र त्यानं बोटीवरही पाळला. दोन दिवस बायकोकडं पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना वहिनींनीच हाक मारली, आता बगा. हा म्हणाला, समुद्राकडं? त्या म्हणाल्या, माज्याकडं. हे त्यानं मला सांगितलं आणि लगेच गाडीच्या चाकाची हवा बघायला निघून गेला.

शेवटच्या ड्युटीच्या दिवशी भोरच्या स्टँडवर वहिनी उभ्या होत्या. डबा घेऊन आल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, तर हा सवयीनं विचारायला गेला आणि तोंड मिटून घेतलं. वहिनी म्हणाल्या, महाड, एक. माझ्या मागच्या खिडकीशी बसल्या.

त्या दिवशी मी गाडी अशी चालवली की मागच्या जीपवाल्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. वाजवा म्हटलं. हा दारापाशी पाठ करून उभा. वळणामागून वळण गेलं. वाघजाईला गाडी थांबली, वहिनी उतरल्या, दोन प्लेट कांदाभजी खाल्ली आणि दरीच्या कठड्याशी जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. गाडीतली माणसं कुरकुरायला लागली, पण तो घंटी मारेना आणि मी हॉर्न वाजवेना. गाडीला उशीर झाला. झाला तर झाला.

परतीला संध्याकाळ होत होती. भोरला डेपोतल्यांनी हार घातला, नारळ दिला, चार शब्द बोलले. मग दोघं पायी घराकडं निघाले. मी स्टिअरिंगवर बसूनच बघत होतो. वहिनी पुढं, तो नारळ घेऊन मागं. त्या मधेच थांबायच्या, हातानं वळणं काढून दाखवायच्या, दरी कशी एकदम खाली जाते ते दाखवायच्या. आणि हा अकरा वर्षं रोज तो घाट चढलेला माणूस, तोंड उघडं टाकून ऐकत होता, आणि पुढं काय झालं म्हणून विचारत होता.