समजूत काढणाऱ्याची समजूत

माझ्या भावाच्या पिठाच्या गिरनीवर पाटी हाय : 'ही पाटी वाचू नये.' दळान घिऊन आलेलं मानूस ती वाचतंच. मग सहादेव आतून वरडतो, "वाचली का? मोडला का न्हाई नियम? आन् न वाचता नियम कळला कसा असता, सांग!" बाया म्हनत्यात, "मेल्या, पीठ बारीक दळ आदी." पन दळान हुईस्तवर त्याच पाटीवर वाद घालत बसत्यात.

असला हा जामखेडाकडचा आमचा कोडेबाज. शाळा सातवीपत्तर. ह्या येडापायी मी लई शिव्या घातल्यात त्येला. पन भावकीत कुटंबी लगीन असलं, की समदी ह्येचीच वाट बघत्यात. लग्नात कुनी ना कुनी रुसतंच, आन् रुसलेल्याची समजूत काढावी ती सहादेवानंच. त्येचं औषद एकच, कोडं.

गेल्या साली चुलत बहिनीचे मालक, काकासाहेब दाजी, फेट्याऐवजी टोपी दिली म्हनून जीपमंदी जाऊन बसले. सहादेव गेला. "दाजी, जेवू नका. यवढंच सांगा, तुमचं आत्ताचं उत्तर 'न्हाई' असंल का?"

"न्हाई!"

"आवं, 'न्हाई'च म्हनलात की!"

"बरं, मग व्हय!"

"आता कुटं 'न्हाई' म्हनलात?"

दाजी बोटं मोडत पंगतीला आले, तीन येळा बुंदी घेतली, आन् टोपीचं इसरूनच गेले.

सहादेवाचा नियमबी पक्का. जो आपनहून निवळतो त्येच्या वाटंला जायचं न्हाई. जो निवळत न्हाई त्येला सोडायचं न्हाई.

यंदा माझ्या दिशाचं लगीन निघालं. पोरगी नगरला सावेडीत गनित शिकवती. पत्रिकेतली नावं मी सहादेवावर सोपवली. "जो रुसंल त्येचं नाव घालायचं, न रुसनाऱ्याचं कशाला?" म्हनत त्येनं चौऱ्यांशी नावं लिवली. आमी कुनी नीट वाचलीबी न्हाईत.

लग्नात बारा पस्तीसचा मुहूर्त. गुरुजी माईकवरनं म्हनले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामाचा पत्त्या न्हाई! मी हुडकत गेले, तर कार्यालयाच्या मागं, पान्याच्या टाकीजवळ, फेटा मांडीवर घिऊन बसलेला. हातात पत्रिका.

"उट की रं मुडद्या! मुहूर्त चाललाय!"

"माझं नाव न्हाई ह्यात."

"तूच लिवलंस न्हवं?"

"व्हय. मी रुसत न्हाई, म्हनून घातलं न्हाई. पन आक्का, चौऱ्यांशी नावं छापली. एकानं तरी इचारायचं हुतं, सहादेव, तुजं कुटंय?"

मी सख्खी बहीन, मलाबी दिसलं न्हवतं. लई लाज वाटली.

तिकडं व्याही घड्याळ बघाय लागले. कुनीतरी म्हनलं, चुलत मामा उभा करा. तवर दिशाच आली, मुंडावळ्या सावरत. मला वाटलं, आता रडती. तिनं पदर खोचला.

"मामा, घालू का एक कोडं?"

"नगं," म्हनला, पन कान टवकारलेच.

"एका गावात एक माणूस आहे. जे रुसलेले आपणहून निवळत नाहीत, त्या सगळ्यांची समजूत तो काढतो. जे निवळतात, त्यांची काढत नाही. तोच रुसला, तर त्याची समजूत कोणी काढायची?"

"सोप्पंय. त्येची त्येनंच... आं? त्येनंच काढली, म्हंजी आपनहून निवळला. मग काढायची न्हाई. न्हाई काढली, तर निवळला न्हाई. मग काढायलाच पायजे..." बोलता बोलता गडी उभा राह्यला. "आयला! लईच भारी हाय गं हे!"

"चालता चालता विचार करा," म्हनत तिनं त्येचा हात धरला.

कुनीतरी फेटा डोक्यावर ठिवला, तिरपाच. मंगलाष्टका सुरू झाल्या. भाचीच्या मागं उभ्या मामाचे व्हट हालत हुते. लोकांना वाटलं, मंत्र म्हनतोय. शेवटच्या अष्टकाला ह्येनं एकदम हात वर केला, आन् माईक जवळच असल्यानं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं : "घावलं! असा मानूस गावात असूच शकत न्हाई!"

मांडव हसला. गुरुजी बिचारे थांबले. मला मात्र रडूच फुटलं. मुठीतल्या सगळ्या अक्षता मी त्या तिरप्या फेट्यावर टाकल्या.

"हाय की रं बाबा," मी म्हनले. "माझ्या लेकीच्या मागं उभा हाय."