आईच्या आवाजाच्या फाइली

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. मी तेव्हा पोटुशी होते. आई म्हणाली, "चला, सुटलात सगळे माझ्या बडबडीतून." कोणीच हसलं नाही, तशी ती चिडली. "अरे, हसा की मेल्यांनो!"

दादा, माझा थोरला भाऊ, नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलेला. इंदिरानगरातल्या त्याच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर होता, नव्वदच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत ही केवढी अपूर्वाई! त्यानेच टूम काढली. आईची अंगाई कॉम्प्युटरवर भरून ठेवू, म्हणजे बाळाला आजीचा आवाज ऐकता येईल. ही अंगाई आईने आमच्यासाठी स्वतःच रचलेली. शब्द साधेच, पण शेवटच्या कडव्यात चाल अशी काही वळायची की मी अजून तसं कुठे ऐकलेलं नाही.

एक अख्खी दुपार त्यात गेली. दोन ओळी झाल्या की खोकला. मधेच खालून रिक्षा फटफटत जायची. एकदा तर गाता गाता तिला रडूच फुटलं. बिघडलेल्या फाइलच्या नावाला दादा शेवटी 'नको' जोडायचा, नंतर तेवढ्याच वेचून पुसता याव्यात म्हणून. आई म्हणाली, "माझ्या आवाजाला नको म्हणतोस होय रे?" शेवटी एकदाची पूर्ण अंगाई जमली. तिने डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "बरी गाते की गं मी."

ऑपरेशन झालं. मला मुलगी झाली. आई चामराजपेटला माझ्या घरी राहायला आली, गळ्यावर पांढरं फडकं बांधून. बारशाला अंगाई वाजवायची असं ठरलं होतं. फाइली फ्लॉपीत मावत नव्हत्या, म्हणून दादा ती कॅसेटवर भरून आणणार होता. पण त्याचं आपलं रोजचंच, या रविवारी भरतो, पुढच्या रविवारी भरतो.

बारशाच्या सकाळी तो आला, सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि उभाच राहिला. मी विचारलं, कॅसेट कुठाय? तेव्हा कुठे त्याने सांगितलं.

ऑफिसचं काम घरी आणलं होतं आणि कॉम्प्युटर भरलेला. जागा करायला म्हणून त्याने हुकूम टाइप केला, डेल म्हणजे पूस, मग स्टार म्हणजे काहीही चालेल, त्याला जोडून नको. ऑफिसात तो दिवसभर युनिक्सवर काम करायचा, तिथे एवढ्याने शेवटी 'नको' असलेल्या फाइलीच गेल्या असत्या. घरी होतं डॉस. ते स्टार दिसला की त्याच्यापुढची अक्षरं वाचतच नाही. सगळा आवाज पुसला आणि खरंच पुसू का, एवढंही विचारलं नाही. वर ऑफिसच्या फाइली चढवून झाल्यावर याच्या लक्षात आलं. मग परत आणायची खटपट केली, पण आईच्या जागेवर ऑफिसचं काम बसलं होतं.

"अगं, स्वल्प जागा करायची होती," तो म्हणाला.

"जागा! झाली ना आता जागा? घाल ते ऑफिस चुलीत!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाळ दचकून उठलं. दादा ओट्याला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मला त्याची जराही दया आली नाही. निदान खोकल्याची तरी एखादी फाइल राहायची होती! आईच्या खोकल्यावरसुद्धा माझं भागलं असतं.

मुलीचं नाव ठेवून झालं. बायकांचे पाळणे म्हणून झाले. आईने टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. दादा म्हणाला, "टेप बिघडलाय गं आई." शेजारची अक्का बिचारी लगेच उठली, "आमचा आणते की!" आई दादाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने त्याला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला आणि मला खूण केली, तू म्हण.

मी म्हणायला लागले. शेवटच्या कडव्याला आईने हात हलवला, असं नाही. परत म्हटलं. परत नाही. ती ओठ हलवून दाखवायला लागली, पण फडक्याखालून नुसती हवा येत होती. शब्द तिने लिहून दिले असते, चाल कशी लिहून देणार? हाताने ती वर-खाली करून दाखवत होती, आणि मला काही केल्या कळत नव्हतं. दादाने म्हणून पाहिलं, ते तिसरंच काहीतरी. घामाघूम झाली बिचारी. मग तिने हात खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, बरोबर आहे म्हणून.

ते बरोबर नव्हतं. तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. पण मुलगी झोपली होती, आणि मी तशीच गात राहिले.

आई जाऊन आता खूप वर्षं झाली. परवा माझी मुलगी मैत्रिणीला कौतुकाने सांगत होती, ही आमच्या आजीची चाल, आणि माझी चुकलेली चाल म्हणून दाखवत होती.