अक्कांबरोबर जमिनीखाली

गुहेत शिरल्यावर अक्का पहिलं काम करायच्या ते गाईडला गप्प करण्याचं. गाईडनं बॅटरीचा झोत छतावर टाकून "हा बघा गणपती, हा हत्ती, ही बाळाला घेतलेली आई" असं सुरू केलं की मागून अक्कांचा आवाज यायचा, "दगडाला दगड म्हणायला काय होतंय की तुम्हाला? देवळात आलोय का आमी?" आंध्रातल्या बेलूमच्या गुहेत मी अशाच एका गणपतीला हात जोडले होते. अक्कांनी सगळ्यांसमोर माझे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

मला अक्का कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्यात पद्धत आहे, आणि ती अक्कांना स्वतःलाच चालली नसती.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, बसवराजची, थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. जुळे सोलापुरात आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर त्यांचा फ्लॅट होता, आणि 'डोक्यावर' हा शब्द मी नुसता मजल्यापुरता वापरत नाही. रोज संध्याकाळी खाली येऊन त्या भावाच्या ताटातली भाकरी उचलून बघायच्या. "शैला, भाकरी केलीस का पापड?" बसवराज हसायचा. दोघं कानडीत बोलायला लागले की मला कळू नये म्हणूनच बोलतायत असं मला वाटायचं. पुढं मला कानडी येऊ लागलं आणि कळलं, की ते खरंच माझ्याबद्दलच बोलत होते.

रिटायर झाल्यावर त्यांनी गुहा बघायला सुरुवात केली. "वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं लवणस्तंभ काढले. एक तरी खरा बघू नको व्हय?" असं म्हणायच्या. देवदर्शन नाही, शॉपिंग नाही. सहलीच्या माहितीपत्रकात जमिनीखाली जायचं काही असलं तरच त्या नाव द्यायच्या.

मग बसवराज गेला. दुपारभर पित्त झालंय म्हणत पडून होता. डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्यावरच ओरडला. संध्याकाळी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला घरी आणल्यावर अक्का वरून खाली आल्या, भावाच्या पायाशी बसल्या, आणि रडल्या नाहीत. माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. ती नजर मी विसरले नाही.

सहा महिनेही झाले नसतील, तेव्हा एका सकाळी त्या दारात उभ्या. "पासपोर्ट कुटं हाय तुझा?"

मुलीकडं सिंगापूरला जायचं म्हणून आम्ही दोघांनी पासपोर्ट काढले होते. जाणं झालंच नाही. मी म्हटलं, "अक्का, लोक काय म्हणतील? अजून वर्ष झालं नाही."

"लोक तुला भाकरी करून घालतात का? घरात बसून काय करणार हाईस, फोटोचा हार बदलत?"

मी त्यांच्याबरोबर त्या परदेशी सहलीला गेले ती रागानं गेले. नाही म्हटलं असतं तर त्या रोज खाली येऊन तेच बोलल्या असत्या.

स्लोव्हेनियात एका गुहेत छोट्या आगगाडीतून आत नेतात. आमच्या ग्रुपमधल्या मंडळींनी गाडीतच अंताक्षरी सुरू केली. अक्का उठून उभ्या राहिल्या, छताला डोकं आपटता आपटता वाचलं, आणि ओरडल्या, "सुम्मनिरु!" म्हणजे गप्प बसा. आम्हा दोघींशिवाय कानडी कोणाला येत नव्हतं, पण अंताक्षरी थांबली. पुढं बसलेला तिथला गोरा गाईडसुद्धा गप्प झाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच त्यांना मोकळं सोडलं होतं. आत एका मोठ्या दालनात गाईडनं क्षणभर दिवे बंद केले. सगळ्या सहलीत अक्कांनी मला टोचलं नाही असा तेवढाच काय तो वेळ.

पोलंडमधल्या मिठाच्या खाणीत, खोल खाली, मिठातच कोरलेलं चर्च आहे. झुंबरंसुद्धा मिठाची. तिथं मला काय झालं कोण जाणे, मी कोपऱ्यात बसले आणि हमसून रडायला लागले. बसवराज गेल्यापासून पहिल्यांदाच. अक्का आल्या, माझ्याकडं बघितलं, भिंतीला बोट लावून जिभेवर टेकवलं. "मीठच हाय," म्हणाल्या. "रड. हितं आणखी थोडं खारट झालं तर कुणाला कळतंय." आणि पुढं निघून गेल्या. मला इतका राग आला की रडू थांबलं.

खरं घडलं ते तुर्कस्तानात. तिथं जुन्या माणसांनी जमिनीच्या पोटात गावंच्या गावं कोरलीत, एकाखाली एक मजले. शत्रू आला की सगळी माणसं गुराढोरांसकट खाली जाऊन राहायची. मजल्यांना जोडणाऱ्या वाटा इतक्या अरुंद की कंबरेत वाकून एकामागं एक चालावं लागतं. उतरताना मला काही झालं नाही. वर येताना मात्र मधेच माझा श्वास अडकला. पुढं अक्का, मागं आमच्याच ग्रुपची रांग. भिंती अंगावर येतायत असं वाटलं आणि मी खाली बसले. मागून लोक हाका मारत होते, कोणी पाण्याची बाटली पुढं सरकवत होतं. मला उठताच येईना.

अक्का वळल्या. वळायला जागा नव्हती, तरी वळल्या. आता तरी पाठीवर हात ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि अगदी हळू, शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "माझ्या भावाला तू मारलंस. दुपारभर घरात ठेवून मारलंस."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी उठले. "तुम्ही वर बसला होतात! तुम्ही का नाही आलात खाली?" असं ओरडत मी त्यांच्या मागं निघाले. त्या पाठ करून भराभर वर चढत होत्या आणि मी त्यांना धरायला धावत होते. मनात साचलेलं सगळं बाहेर काढलं, भाकरीपासून कानडीपर्यंत. शेवटची पायरी कधी आली कळलंच नाही. एकदम लख्ख ऊन.

अक्का धापा टाकत दगडावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस की वर."

सहलीच्या उरलेल्या दिवसांत मी त्यांच्याशी बोलले नाही. खोली एकच होती, तरी नाही. सोलापूरला आल्यावरही नाही. जिन्यात समोर आल्या तर मी भिंतीकडं तोंड करायची. माझ्याकडून सगळं ऐकल्यावर ग्रुपमधल्या बायका मला फोनवर सांगायच्या, "अगं, तुला बाहेर काढायलाच बोलल्या त्या. शहाणी बाई." असेलही. पण बसवराज गेला त्या संध्याकाळची अक्कांची नजर त्यांनी पाहिली नव्हती, मी पाहिली होती.

पुढं अक्कांचं हृदय कमकुवत झालं. जिना चढवेना. हुबळीच्या धाकट्या बहिणीनं त्यांना बोलावून घेतलं. स्टेशनवर सोडायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी गेले. गाडीला वेळ होता. बाकावर शेजारी शेजारी बसलो, मधे त्यांची पिशवी. शेवटी मीच विचारलं, "तुर्कस्तानात बोललात ते खरं होतं का?"

अक्कांनी लगेच उत्तर दिलं, जणू रोज त्याचीच वाट बघत होत्या. "बोलताना खरं वाटत होतं. तो गेल्यापासून तेच वाटत होतं. तू वर आलीस, माझ्यावर ओरडलीस, मी का नाही आले म्हणून विचारलंस. तेव्हापासून न्हाय वाटत."

"मग सांगितलं का नाही इतके दिवस?"

"तू भिंतीकडं बघत होतीस की."

गाडी आली. मी पिशवी चढवून दिली. त्यांनी खिडकीतून हात केला नाही, मीही केला नाही.

वर्षाच्या आत हुबळीहून फोन आला. मी गेले. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. खड्ड्याच्या आतल्या भिंतीत कोनाडा कोरला होता आणि त्यात अक्का मांडी घालून बसल्या होत्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. स्वामींचे मंत्र चालले होते, बहीण रडत होती. मला रडू येत नव्हतं. मला अजून पुष्कळ भांडायचं होतं, आणि त्या अशा मधेच निघून गेल्या होत्या.

कोणीतरी माझ्या हातात मूठभर माती दिली. मी ती टाकली, जरा जोरातच. शेजारचा एक जण माझ्याकडं बघायला लागला. बघू दे.