तीन कोरी कूपनं

चहाची किटली पुढे आली की डायवरभाऊ आपला रिकामा कप बशीवर पालथा घालायचे. "फुकटाचं मले पचत नाई बापा," एवढं म्हणायचे आणि मग कामाचं बोलायला लागायचे. मानी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण बहुतेकांचा मान दुसऱ्या आग्रहाला विरघळतो. यांचा पाचव्या आग्रहालाही जागचा हलत नसे.

आमच्या घरी मात्र ते चहा घेत, कारण येताना काहीतरी घेऊन येत. चार वांगी, ओंजळभर शेंगा, अगदीच काही नसलं तर कडुनिंबाच्या दातणांची जुडी. ते माझ्या टेबलावर ठेवायचं आणि मग कप सरळ करायचा. माझी बायको चिडायची. "भाऊजी, आम्ही काय इथं दुकान मांडलंय?"

"तसं नाई वहिनी. दुसऱ्याच्या खरकट्यावर वीस वर्सं काढली म्या. आता जीभ ऐकत नाई."

ती वीस वर्षं त्यांनी एका जिनिंगवाल्या शेटची मोटार चालवली होती. दार उघडून धरायचं, शेट आत बसेपर्यंत मान खाली ठेवायची, आणि लग्नाकार्यात पंगती उठल्यावर उरलंसुरलं जेवायचं. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं त्या दिवसांत, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, त्यांनी विहिरीजवळचं शेत विकलं आणि स्वतःची मोटार घेतली. तेव्हा नव्या मोटारीसाठी आधी नाव नोंदवावं लागे, आणि नंबर लागायची वाट बघण्यात बराच काळ गेला. अकोल्याच्या एजन्सीतून ती काळी मोटार चालवत ते चिखलीत शिरले तेव्हा अर्धा बाजार दुकानं सोडून रस्त्यावर आला होता. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. "मालक बी मीच आन डायवर बी मीच," ते ज्याला त्याला सांगत होते.

त्याच संध्याकाळी ते गॅरंटीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, आणि गावात इंग्रजी कागद आला की तो माझ्या दारात यायचा. मला त्याचा तोराही होता, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी माझ्यापुढे सहामाहीच्या पेपरांचा ढीग होता. मी पहिलं पान वाचलं, मधली चाळली, शेवटची तीन कूपनं बघितली आणि पुस्तक मिटलं.

"सहा महिने गॅरंटी. मोडलं तर कंपनी बदलून देणार. आणि तीन वेळा एजन्सीत सर्व्हिसिंग फुकट."

"पुरं वाचलं ना मास्तर?"

"पुरं वाचलं."

त्यांनी पुस्तक धोतराच्या तुकड्यात बांधलं आणि घरी देवाजवळ नेऊन ठेवलं.

पाच महिने त्या गाडीनं चिखलीचं काय काय वाहिलं म्हणून सांगू! बुलढाण्याच्या दवाखान्यात अडलेल्या बाया नेल्या, रोहिणखेडच्या मशिदीपर्यंत एक आख्खी वरात नेली, मलकापूर स्टेशनावर नवऱ्यामुली पोचवल्या. वेळच्या वेळी ते स्वतःच्या पैशानं ऑइल बदलायचे, आमच्या पेठेतल्या मिस्त्रीकडून नटबोल्ट आवळून घ्यायचे. गाडीत बसणाऱ्यासाठी दार मात्र उघडायचे नाहीत. "हात हायेत ना तुमाले?" म्हणायचे, मग तो तहसीलदार का असेना.

मग एक दिवस राजूरच्या घाटात इंजिनातून मोठा आवाज झाला आणि गाडी जागीच बसली. आतला मुख्य दांडा, ज्याला मिस्त्री लोक क्रँक म्हणतात, तो मधोमध मोडला होता. डायवरभाऊंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. उलट माझ्याकडे हसत आले. "गॅरंटी हाये ना मास्तर! महिना बाकी हाये अजून." ट्रकला दोर बांधून गाडी अकोल्याला नेली. इंग्रजी बोलावं लागलं तर असावं म्हणून मला बरोबर घेतलं.

एजन्सीच्या काचेच्या दारापाशी त्यांनी वहाणा काढल्या. टेरिलिनचा शर्ट घातलेल्या मॅनेजरसमोर धोतराची गाठ सोडली, पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडून अभिमानानं पुढे केलं.

"पहा साहेब. तीनही कूपनं कोरी. एकाले बी हात लावला नाई. फुकटाची एक सर्व्हिस घेतली नाई म्या तुमची."

मॅनेजरनं पान बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं.

"तीन सर्व्हिसिंग आमच्याकडे झाली पाहिजेत. कूपन आम्ही फाडून घेतो, तो पुरावा. नाहीतर गॅरंटी रद्द. इथं लिहिलंय."

खाली बारीक टाइपात खरंच लिहिलेलं होतं. दोन ओळी. मी त्या वाचल्या आणि माझे कान तापले.

"पर साहेब, ऑइल तं म्या बदललं! मिस्त्रीले इचारा."

"मिस्त्रीचं आम्हाला काय? तुम्ही शिकलेले दिसता." तो माझ्याकडे वळला. "यांना वाचून दाखवलं नाही का?"

रोज पोरांसमोर तास-तास बोलणारा मी तिथं ठोंब्यासारखा उभा राहिलो. तेवढ्यात डायवरभाऊ म्हणाले, "त्याईनं वाचलं व्हतं साहेब. पुरं वाचलं व्हतं. मीच इसरलो."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत होतो. खामगावला गाडी थांबली तेव्हा डायवरभाऊ खाली उतरून माझ्यासाठी केळी घेऊन आले. ती मी तशीच पिशवीत घालून घरी नेली.

मग मी अर्ज लिहायला लागलो. एजन्सीला, कंपनीला, कंपनीच्या मुंबईच्या साहेबाला. असं इंग्रजी मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. प्रत्येक उत्तरात एकच शब्द यायचा, तो डायवरभाऊंना ऐकून पाठ झाला.

"रिग्रेट म्हंजे काय हो मास्तर?"

"म्हणजे, दिलगीर आहोत."

"दिलगीर हायेत तं क्रँक काऊन देत नाईत?"

मी कोरा कागद पुढे ओढला आणि पुढचा अर्ज लिहायला घेतला.

दर सोमवारी ते अकोल्याला जायचे. एजन्सीच्या मागच्या आवारात त्यांची गाडी उन्हात उभी होती. बरोबर नेलेल्या फडक्यानं ते तिची धूळ पुसायचे, थोडा वेळ स्टीअरिंगवर बसायचे आणि मग बाकावर जाऊन साहेबाची वाट बघायचे. साहेब कधी भेटायचा, बहुतेकदा नाही. लग्नसराई तोंडावर आली होती. गाडीसाठी सांगून ठेवलेली घरं एकेक करून दुसरीकडे वळली. डायवरभाऊंची गालफडं बसली, दाढी वाढली. मी त्यांना दुसरा क्रँक विकत घेऊन बसवायला सुचवलं, तेव्हा कळलं की शेताचं जे आलं होतं ते गाडीतच संपलं होतं आणि मागे काही उरलेलं नव्हतं.

"पुन्हा कोनाचं दार धरून उभं राहनं मायाच्यानं होणार नाई मास्तर," ते एकदा म्हणाले. "ते तेवढं नाई होणार." आणि माझ्यादेखत रडले. एवढा थोराड माणूस, पालथ्या मुठीनं डोळे पुसत होता. मला स्वतःची लाज वाटली. 'चूक माझी, मी पुरं वाचलंच नव्हतं,' हे वाक्य त्या वेळी माझ्या जिभेवर आलं होतं. तिथंच राहिलं.

शेवटच्या खेपेला मीही गेलो. मॅनेजर त्या दिवशी जरा मवाळ वाटला. "बसा," म्हणाला, आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं. शिपायानं तीन कपबशा मांडल्या. डायवरभाऊंचा हात सवयीनं कपाकडे गेला. कप उचललाही. मग त्यांनी एकदा मॅनेजरकडे पाहिलं आणि कप तसाच सरळ, आवाज न करता, बशीत ठेवला.

शिपायानं चहा ओतला. माझ्या कानाशी लागून ते पुटपुटले, "नाई घेतला तं सायबाले राग येईन."

ते तो चहा प्यायले. बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत. मॅनेजर वाट बघत थांबला. मग म्हणाला, "हे पहा, कंपनीचं शेवटचं पत्र आलंय. काही होणार नाही. आवारात जागा नाही आम्हाला, आठ दिवसांत गाडी हलवा."

बाहेर येऊन त्यांनी वहाणा घातल्या. रस्त्याच्या कडेला बसून ते ओकले. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो.

गाडी अकोल्यातच भंगाराच्या भावात गेली. पंधरा दिवसांनी डायवरभाऊ आमच्याकडे आले. दाढी केलेली, अंगात खाकी कोट. जालन्याच्या एका शेटच्या मोटारीवर नोकरी लागली होती, संध्याकाळच्या एस.टी.नं निघायचं होतं. हातात वांगी नव्हती की शेंगा नव्हत्या. बायकोनं कप मांडला तेव्हा मला भीती वाटली की आता हा माणूस काय करतो. त्यांनी कोटाच्या खिशातून धोतराचा तो तुकडा काढला, गाठ सोडली आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, जिथं एरवी वांगी ठेवायचे तिथंच. मग कप पुढे केला.

चहा संपवून उठले. उंबऱ्यात वळून म्हणाले, "गावात कोनाची नवी गाडी आली तं त्याले हे वाचून दाखवजा मास्तर."

"दाखवीन," मी म्हणालो.

"पुरं वाचजा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भानावर येऊन मी दारापर्यंत धावलो, हाकही मारली, पण तोपर्यंत ते वेशीपाशी पोचले होते, आणि जिभेवर राहिलेलं ते वाक्य एवढ्या लांबून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. त्यानंतर ते चिखलीला आले नाहीत. पुस्तक माझ्याकडेच आहे. तिन्ही कूपनं अजून जागेवर आहेत आणि त्यांच्याखालच्या दोन ओळी मला पाठ आहेत.