लाकडी घोडीवरचा राजा

आमचे तोर्नब्लाड साहेब घोड्याला घाबरायचे. हसू नका! लढायांची चित्रं काढून अख्ख्या स्टॉकहोममध्ये नाव कमावलेला माणूस, पण रस्त्यात बग्गी दिसली की माझ्याआड लपायचा. वडिलांचा तबेला होता, तिथे धाकटा भाऊ टापांखाली गेला, तोही यांच्या डोळ्यांदेखत.

म्हणून वरच्या मजल्यावर त्यांच्या चित्रांच्या खोलीत लाकडं कापायची घोडी ठेवलेली. तिच्यावर जुनं खोगीर आणि खोगिरावर मी! मी उल्रिका, त्यांची स्वयंपाकीण. एकोणीस वर्षं निळा कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून त्यांच्या चित्रांतला राजा झाले. "राजा, पाठ ताठ! वाटाणे करपले तरी चालतील," साहेब ओरडायचे. खोलीची चावी माझ्या कमरेला असायची. हे गुपित आम्हा दोघांचंच.

मग वालफ्रिड आला, साहेबांचा शिष्य. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि गोड धिरडी हाणायचा मेला. एकदा म्हणाला, "मावशी, गुरुजींचं चरित्र लिहितोय. मोठ्या माणसांच्या अशा घरगुती गोष्टी लोकांना फार आवडतात हो." मी विरघळले. साहेबांचं भलंच होईल म्हणून भावाचं सांगितलं, घोडीचंही सांगितलं. तो पोट धरून हसला, आणि मी मूर्ख, मीही हसले.

सहा वर्षं खपून साहेबांनी सगळ्यांत मोठं चित्र पुरं केलं. संग्रहालय ते घेणार की नाही हे ठरायच्या आदल्याच दिवशी वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं. लाकडी घोडीवर राजा, निळ्या कोटाखालून परकर लोंबतोय! खाली वालफ्रिडची सही. नव्या चित्रकारांच्या टोळक्यात मिरवायचं होतं ना त्याला! खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्यानं. गावभर हशा पिकला आणि चित्र परत आलं.

"उल्रिका, तू सांगितलंस?"

"साहेब, त्यानं फसवलं हो मला."

"त्यानं मला फसवलं. तू तर..."

साहेबांनी नुसता हात पुढे केला. मी कमरेची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

कामावरून काढलं नाही मला. मरेपर्यंत, अकरा वर्षं, माझ्याच हातचं जेवले. पण चित्रासाठी बंदरावरची एक कोळीण यायला लागली. मी खाली वाटाणे ढवळत बसायची. वर तिच्या पायांत माझे बूट वाजायचे, आणि साहेबांचा आवाज यायचा, "राजा, पाठ ताठ!"